गाण्यातील आवाज समतोल करणारी साधने : निवड, वापर आणि हक्क

पूर्वी ज्या ध्वनिमुद्रणासाठी नागपूर किंवा मुंबई गाठावी लागे, ते आता यवतमाळ, पुसद, वणी, दारव्हा किंवा उमरखेड येथील एखाद्या खोलीत, एक संगणक आणि एक बरा मायक्रोफोन एवढ्या सामग्रीवर होऊ लागले आहे, आणि भजनी मंडळे, तांड्यांवरील गायक, शाळांची समूहगीत-पथके यांना आपले गाणे आपणच मुद्रित करण्याची मुभा मिळाली आहे. परंतु मुद्रण संपवून सर्वजण ऐकावयास बसले की एक तक्रार हमखास निघते : एका ओळीत गायकाचा स्वर खणखणीत येतो, तर पुढच्याच ओळीत तो पेटीखाली आणि टाळांखाली असा दबतो की शब्दही उमगत नाहीत. यावर “आवाज आपोआप सारखा करणारे सॉफ्टवेअर कोणते घ्यावे?” अशी विचारणा वाचकांकडून वारंवार होते, आणि तिच्यासोबत कंप्रेसर, रायडर, लिमिटर आणि नॉर्मलाइज ही चार नावे एकमेकांचे पर्याय म्हणून आलेली असतात. ती एकमेकांचे पर्याय नव्हेत. प्रत्येकाचे काम निराळे व क्रमही निराळा आहे, आणि तो ध्यानात घेतल्यास पुष्कळांना नवे काही विकत घेण्याची गरजच पडणार नाही.

प्रथम दोषाचे निदान करा

“आवाज सारखा नाही” या एका तक्रारीखाली निदान चार वेगवेगळे दोष मोडतात. आपल्या गाण्यात त्यांपैकी कोणता आहे, हे कोणतेही साधन उघडण्यापूर्वी ठरवावे.

- ओळीओळींतील तफावत. ध्रुवपद जोरात, अंतरा हळू. किंवा गायक रंगात येऊन मायक्रोफोनपासून मागेपुढे सरकलेला. उपाय : हाताने पातळी लावणे, आणि मग रायडर.
- क्षणिक उसळी. एखादे आघातयुक्त अक्षर किंवा खंजिरीची थाप एकदम अंगावर येणे. उपाय : कंप्रेसर, आणि अगदी शेवटी लिमिटर.
- गाण्यागाण्यांतील तफावत. आठ भजनांच्या संचात तिसरे भजन मोठे आणि पाचवे बारीक लागणे. उपाय : लाउडनेस नॉर्मलायझेशन.
- पातळी पुरेशी असूनही शब्द न कळणे. पेटीचे मधले स्वर आणि मनुष्याचा कंठ यांचा वावर बहुतांशी एकाच पट्टीत असल्यामुळे पेटी गायकाला झाकते. येथे पातळी सारखी करणारे कोणतेही साधन निरुपयोगी आहे; पेटी दोन-तीन डेसिबलांनी खाली आणावी, किंवा ईक्यूने (आवाजाचे खालचे, मधले, वरचे भाग वेगवेगळे कमी-जास्त करणाऱ्या साधनाने) तिचा मधला भाग थोडा कमी करावा.

मुद्रणाच्या वेळी टळणारा दोष नंतर सुधारू नका

तोंडापासून मायक्रोफोनचे अंतर दुप्पट झाले की थेट येणाऱ्या आवाजाची पातळी सुमारे ६ डेसिबलांनी घटते. म्हणजे एका वितीवर गाणारा गायक तान घेताना दोन वितींवर गेला, तर जी तफावत उत्पन्न होते ती भरून काढण्यास पुढे तासभर खर्ची पडतो. आणि पातळी भरून निघाली तरी दूर गेलेल्या स्वराबरोबर आलेला खोलीचा घुमारा निघत नाही. तेव्हा पुढील तजवीज आधीच करावी.

- गायकाच्या पायांशी जमिनीवर खडूने खूण करून ठेवावी.
- उन्हाळ्यात कूलर व पंखा मुद्रणापुरता बंद ठेवावा. पातळी सारखी करणारे प्रत्येक साधन हळू भाग वर उचलते, आणि त्याबरोबर कूलरची घरघरही उचलते.
- संपूर्ण गाणे एकदा मोठ्याने गाऊन घेऊन सर्वांत मोठ्या जागी पातळी शून्याच्या खाली १० डेसिबलांच्या आसपास राहील, अशा बेताने मायक्रोफोनचा गेन लावावा. २४ बिटच्या मुद्रणात एवढी मोकळी जागा ठेवल्याने काही बिघडत नाही. उलट शून्याला टेकून फाटलेला आवाज कोणत्याही साधनाने पूर्ववत होत नाही.
- वीजपुरवठ्याचा भरवसा नसेल तर दर गाण्यानंतर फाइल जतन करून तिची दुसरी प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवावी.

साधने आणि त्यांची कामे

हाताने पातळी लावणे. ध्वनितरंगाचे चित्र पडद्यावर पाहून हळू ओळ उचलावी व मोठी ओळ खाली आणावी. ऑडॅसिटी या मुद्रण-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये यासाठी एन्व्हलप टूल आहे. त्याच प्रकारच्या रीपरमध्ये प्रत्येक तुकड्याची पातळी स्वतंत्रपणे बदलता येते. येथे निर्णय सर्वस्वी आपला असतो, आणि म्हणूनच हा उपाय सर्वांत विश्वसनीय आहे.

रायडर. मिक्सरवर बसलेला मनुष्य गाणे ऐकत ऐकत फेडर वरखाली करतो, तेच काम हे प्लग-इन (मुद्रणाच्या सॉफ्टवेअरला जोडावयाचे साधन) स्वतः करते. वेव्हज कंपनीचा व्होकल रायडर हा यांतील सुपरिचित. मेल्डाचे एमऑटोव्हॉल्यूम आणि हॉर्नेटचे ऑटोगेन प्रो हीही त्याच वर्गातील. आपण एक लक्ष्य-पातळी आणि वरखाली जाण्याची मर्यादा ठरवून द्यावयाची, आणि त्या मर्यादेत प्लग-इनने पातळी हलवावयाची, असा हा करार आहे. व्होकल रायडरला वाद्यांचा आवाजही ऐकवता येतो, म्हणजे वाद्ये चढली की तो गायकाला त्या बेताने उचलतो. शिवाय त्याने केलेल्या हालचाली ऑटोमेशनच्या, म्हणजे पातळीच्या आलेखाच्या, रूपाने लिहून घेता येतात, आणि मग चुकलेली जागा हाताने दुरुस्त करता येते. ही लिहून घेण्याची सोय ज्यात आहे, तेच साधन निवडावे.

स्वर-संपादनाच्या मेलोडाइन या सॉफ्टवेअरच्या २०२० मधील पाचव्या आवृत्तीत स्वर ओळखून त्यांच्या पातळ्या एकमेकांच्या जवळ आणण्याची स्वतंत्र सोय आली. मेलोडाइन घेण्याचा विचार असल्यास त्याच्या कोणत्या एडिशनमध्ये ती सोय मिळते, याचा तपशील आधी वाचावा.

कंप्रेसर. ठरावीक पातळीच्या (थ्रेशोल्डच्या) वर गेलेला आवाज हे साधन ठरावीक प्रमाणात दाबते. थ्रेशोल्डच्या वर ६ डेसिबल गेलेला आवाज ३:१ या प्रमाणात दाबला, तर तो थ्रेशोल्डच्या वर २ डेसिबलच उरतो. रायडर ओळींच्या पातळीवर चालतो, कंप्रेसर अक्षरांच्या. आणि दाबल्यामुळे आवाजाच्या पोतातही फरक पडतो, जो कधी इष्ट असतो तर कधी नसतो.

लिमिटर. हा अखेरचा पहारेकरी होय. ठरवलेल्या मर्यादेच्या वर एकही उसळी जाऊ नये, एवढेच त्याच्याकडे सोपवावे.

नॉर्मलायझेशन. याचे दोन प्रकार आहेत आणि गोंधळ येथेच अधिक होतो. ऑडॅसिटीतील “नॉर्मलाइज” ही आज्ञा सर्वांत उंच शिखर पाहून संपूर्ण फाइल सारख्याच प्रमाणात वर किंवा खाली नेते. म्हणून एक टाळी मोठी वाजली असेल तर गाणे बारीकच राहते. “लाउडनेस नॉर्मलायझेशन” कानाला जाणवणारी सरासरी पातळी मोजून तसेच करते. दोहोंपैकी एकही गाण्याच्या आतील चढउतार सारखे करीत नाही.

कामाचा क्रम

१. मूळ ट्रॅकची प्रत काढून ठेवा आणि यापुढील सर्व संस्कार प्रतीवरच करा.

२. खोकला, पानांची सळसळ, दोन ओळींमधील कुजबुज कापून काढा. अन्यथा रायडर त्यांनाच गायन समजून उचलील.

३. ढोबळ तफावत हाताने मिटवा. फार हळू ओळी वर, फार मोठ्या ओळी खाली. येथे सूक्ष्म काम करू नये.

४. आता रायडर लावा. लक्ष्य गायकाच्या मध्यम पातळीवर ठेवून मर्यादा प्रथम दोन्ही बाजूंना ३ डेसिबल एवढीच द्या. त्याला सतत या टोकाहून त्या टोकाला धावावे लागत असेल, तर तिसरी पायरी अपुरी राहिली असे समजून मागे जा.

५. त्यानंतर कंप्रेसर. प्रमाण २:१ ते ३:१, अटॅक (दाब लागू होण्याचा वेळ) १० ते २० मिलिसेकंद, रिलीज (दाब सुटण्याचा वेळ) १०० मिलिसेकंदांच्या आसपास. आणि मोठ्या जागीही दाब ३ ते ४ डेसिबलांपेक्षा अधिक नको. हे आकडे आरंभापुरते आहेत. अखेर कानाने ठरवावे.

६. वाद्ये जोडून संपूर्ण गाणे मंद आवाजात ऐका. मंद आवाजात प्रत्येक शब्द कळला, तर पातळी साधली.

७. शेवटी एकत्रित मिश्रणावर लिमिटर आणि लाउडनेसचे मापन.

रीपर वापरणाऱ्यांनी एक तांत्रिक बाब विशेष ध्यानात ठेवावी. ट्रॅकचा नेहमीचा व्हॉल्यूम-आलेख प्लग-इनांच्या नंतर लागू होतो. म्हणून तिसऱ्या पायरीचे काम त्या आलेखावर केल्यास कंप्रेसरला मूळचाच असमान आवाज मिळत राहतो. ते काम तुकड्याच्या पातळीवर किंवा प्लग-इनांच्या आधी लागू होणाऱ्या प्री-एफएक्स आलेखावर करावे.

खंजिरी, नगारा आणि समूहस्वर

पुस्तकी सूचना बहुधा एकट्या गायकाच्या, बंद खोलीत घेतलेल्या ट्रॅकला अनुलक्षून लिहिलेल्या असतात. आपल्याकडील गायनाची रीत वेगळी असल्याने पुढील तारतम्य ठेवावे.

खंजिरी भजन. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी रूढ केलेल्या या पद्धतीत खंजिरी पुष्कळदा गायकाच्याच हाती, म्हणजे तोंडापासून हातभर अंतरावर असते, आणि तिच्या चकत्यांचा तीक्ष्ण नाद गायकाच्या मायक्रोफोनमध्ये शिरल्याशिवाय राहत नाही. रायडरला गायक आणि खंजिरी यांतील भेद कळत नाही. प्रत्येक थापेला तो पातळी खाली नेतो आणि थापेबरोबर शब्दही बुडतो. यावर उत्तम मार्ग म्हणजे खंजिरी वेगळी मुद्रित करणे. ते गायकास रुचत नसेल तर कार्डिऑइड मायक्रोफोन अशा रीतीने लावावा की त्याची पाठ खंजिरीकडे येईल, कारण पाठीमागून येणारा आवाज तो सर्वांत कमी घेतो. आधीच एकत्र मुद्रण झाले असेल तर रायडर बाजूस ठेवून हातानेच पातळी लावावी, आणि कंप्रेसरच्या श्रवण-मार्गावर, म्हणजे ज्या आवाजावरून तो दाब ठरवतो त्या मार्गावर, वरचा तीक्ष्ण भाग गाळून टाकणारी गाळणी लावावी. रीपरमधील रीकॉम्पमध्ये ही सोय आहे.

समूहस्वर. मुख्य गायकाने ओळ म्हणावी आणि मागील मंडळींनी ती उचलून धरावी, या रचनेत एकाच ट्रॅकवर रायडर सोडला तर तो समूहाला खाली आणि एकट्याला वर करून दोहोंतील अंतरच नष्ट करतो. समूह वाढला की भजनाचा भर वाढावा, हा त्या रचनेचा हेतू आहे. म्हणून दोहोंचे ट्रॅक वेगळे ठेवावे. ते शक्य नसल्यास समूहाच्या जागी रायडर बंद करावा.

तांड्यावरील लेंगी. होळीच्या दिवसांत बंजारा तांड्यांवर गायिली जाणारी ही गीते उघड्यावर, नगारा व थाळीच्या साथीने, फेर धरून होतात. गाणारे फिरते असल्याने पातळीही फिरती असते. नगाऱ्याचा खालचा घुमार कंप्रेसरला वृथा चाळवतो, यास्तव श्रवण-मार्गावर सुमारे १५० हर्ट्झच्या खालचा भाग गाळून टाकावा. दूरवर गेलेला आवाज ओढून जवळ आणण्याचा अट्टाहास मात्र करू नये. फेर धरून गाणाऱ्यांचे दूर जाणे आणि जवळ येणे हा त्या मुद्रणाचा भागच आहे.

भुलाबाईची गाणी. मुलींच्या घोळक्यासमोर एकच मायक्रोफोन असतो, आणि ज्या मुलीचा गळा मोठा तिचाच आवाज उतरतो. एका ट्रॅकमध्ये मिसळलेले दहा गळे वेगळे सारखे करणे या वर्गातील साधनांना साधत नाही. बारीक आवाजाच्या मुली पुढे आणि मोठ्या आवाजाच्या मागे उभ्या कराव्या. येथे तोच खरा उपाय होय.

फसगतीच्या जागा

- मोठे ते चांगले वाटणे. प्लग-इन चालू करताच आवाज १–२ डेसिबलांनी वाढत असेल, तर ते अधिक गोड वाटणारच. चालू आणि बंद या दोन्ही स्थितींतील पातळी समान करूनच तुलना करावी.
- तयार प्रीसेटवर विसंबणे. “व्होकल” नावाचा प्रीसेट आपल्या गायकाच्या पातळीसाठी बनवलेला नसतो. थ्रेशोल्ड दरवेळी नव्याने लावावाच लागतो.
- श्वास आणि ‘स’, ‘श’ यांची वृद्धी. रायडर व कंप्रेसर यांच्या संयुक्त कृतीने ही अक्षरे बोचू लागतात. डी-एसर (केवळ ही अक्षरे दाबणारे साधन) लावावा, किंवा ती जागा हाताने खाली आणावी.
- मुद्रण चालू असताना रायडर. पुढचा आवाज आधी पाहून निर्णय घेणारी साधने विलंब उत्पन्न करतात, आणि हेडफोनमध्ये गायकास स्वतःचाच आवाज मागाहून ऐकू येतो. मुद्रण संपल्यावरच ती लावावी.
- एकामागून एक अनेक साधने. काम होत नाही असे दिसले की दुसरा रायडर, तिसरा कंप्रेसर जोडण्याचा मोह होतो. त्याऐवजी कामाच्या क्रमातील तिसऱ्या पायरीकडे परतावे.

अखेरची पातळी किती असावी

जाणवणाऱ्या पातळीचे मापन एलयूएफएस या एककात होते. त्याची रीत आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या बीएस.१७७० या शिफारशीत सांगितली आहे. यूट्यूब सुमारे उणे १४ एलयूएफएसपेक्षा मोठे गाणे वाजवताना स्वतःहून खाली आणते, परंतु बारीक गाणे वर नेत नाही. स्पॉटिफायची सामान्य पातळीही उणे १४, तर ॲपल म्युझिकची उणे १६. युरोपातील प्रसारणाचा संकेत उणे २३ आहे, आणि ऑडॅसिटीच्या लाउडनेस नॉर्मलायझेशनमध्ये आरंभी तोच आकडा भरलेला असल्याने तो न बदलता गाणे चढवणाऱ्यांना ते यूट्यूबवर फारच बारीक वाटते. भजनासाठी उणे १६ ते उणे १४ पुरेसे आहे, आणि सर्वोच्च शिखर उणे १ डेसिबलच्या वर नसावे. याहून मोठे करण्याच्या खटपटीत लाभ नाही. यूट्यूब ते खाली आणणारच, आणि दाबून सपाट झालेला आवाज मात्र तसाच राहील.

खर्च किती करावा

- काहीही न खर्चता : ऑडॅसिटी विनामूल्य असून २०२४ मधील ३.६ या आवृत्तीपासून तिच्यात नवा कंप्रेसर व लिमिटर आहे. यूलीन लाउडनेस मीटरची विनामूल्य आवृत्ती मापनास पुरते. मेल्डाच्या विनामूल्य संचात कंप्रेसर आहे. मोबाइलवरच काम करणाऱ्यांना बँडलॅब वापरता येईल.
- थोडक्या खर्चात : रीपर ६० दिवस वापरून पाहता येते, त्यानंतर वैयक्तिक व लहान व्यवसायासाठीचा परवाना ६० डॉलरना मिळतो.
- रायडर : महिन्यातून अनेक गाणी करणाऱ्यांनीच घ्यावा, आणि तोही चाचणीची मुदत पुरती वापरून. वेव्हजसारख्या कंपन्या वारंवार सवलत देत असल्याने पूर्ण किंमत मोजण्याची घाई करू नये.

परवाना कायमचा आहे की मासिक वर्गणीचा, हे पैसे भरण्यापूर्वी वाचावे. मार्च २०२३ मध्ये वेव्हजने कायमचे परवाने बंद करून केवळ वर्गणीची पद्धत जाहीर केली, आणि ग्राहकांच्या तीव्र नाराजीनंतर थोड्याच दिवसांत ती फिरवली. विक्रेत्याच्या अटी बदलू शकतात, हे यावरून ध्यानात यावे. खरेदीची पावती, परवान्याचा क्रमांक आणि त्या दिवशीच्या अटींची प्रत दप्तरी ठेवावी.

आपले हक्क आणि जबाबदाऱ्या

चोरीची प्रत. ‘क्रॅक’ केलेले प्लग-इन जाणूनबुजून वापरणे हा कॉपीराइट अधिनियम १९५७ च्या कलम ६३-ब अन्वये गुन्हा आहे. त्यास किमान सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड सांगितला आहे. अर्थार्जनाचा हेतू नसेल तर न्यायालयास सौम्यतेची मुभा आहे. पैसे घेऊन मुद्रण करणाऱ्यास तो आधार मिळत नाही.

ग्राहक म्हणून. केवळ स्वयंरोजगाराने आपली उपजीविका चालवण्यासाठी वस्तू घेऊन स्वतः वापरणारी व्यक्ती ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ नुसार ‘ग्राहक’च ठरते, म्हणून एकट्याने छोटा स्टुडिओ चालवणाऱ्यासही दाद मागता येते. आपण राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगापुढे, कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी. ५ लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्याच्या व्यवहारास शुल्क नाही. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून पाहावी.

गायक व वादक म्हणून. सादरकर्त्याचा हक्क ५० वर्षे टिकतो. आपल्या गायनाची नावलौकिकास बाध येईल अशी मोडतोड झाल्यास कॉपीराइट अधिनियमाच्या कलम ३८-ब अन्वये हरकत घेता येते. मात्र लांबी बसवण्यासाठी किंवा संपादनासाठी केलेली काटछाट तिच्यात मोडत नाही. हक्क दुसऱ्यास देताना करार लेखी असावा. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारत, असे कायदा गृहीत धरतो.

मंडळ म्हणून. मुद्रणाचा पुढाकार व जबाबदारी कोणाची, यावर निर्माता कोण हे ठरते. म्हणून पैसे देणाऱ्या मंडळाने स्टुडिओशी तसे लिहून घ्यावे, आणि अंतिम गाण्याबरोबर संस्कार न केलेले मूळ ट्रॅकही मागून घ्यावे. आज रायडरने बिघडवलेली ओळ उद्या सुधारावयाची, तर तेवढाच आधार उरतो.

रचनाकाराचा हक्क. कर्त्याच्या मृत्यूनंतरची ६० वर्षे पुढच्या वर्षारंभापासून मोजतात. तुकडोजी महाराजांचे निर्वाण ११ ऑक्टोबर १९६८ रोजी झाले असल्याने त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या रचनांवरील हक्क २०२८ अखेरपर्यंत चालू आहे. तोपर्यंत मुद्रण करून ते प्रसिद्ध करण्यापूर्वी हक्कधारकाची लेखी परवानगी घ्यावी.

निर्णय कसा करावा

वर्षाकाठी एखादे-दुसरे भजन मुद्रित करणाऱ्यांनी ऑडॅसिटी, एन्व्हलप टूल आणि तिच्यातीलच कंप्रेसर यांवर भागवावे. नियमित काम करणाऱ्यांनी रीपर घेऊन हाताने पातळी लावण्याचा सराव करावा, आणि त्या सरावात आपला वेळ नेमका कोठे जातो हे कळल्यावरच रायडरची चाचणी-प्रत उतरवून पाहावी. दुसऱ्यांसाठी मोबदला घेऊन मुद्रण करणाऱ्यांनी अधिकृत परवाना, लेखी करार आणि मूळ ट्रॅकचे जतन या तीन बाबी प्रथम पुऱ्या कराव्या. यंत्राला पातळी मोजता येते. कोणती ओळ हळूच राहिली पाहिजे आणि कोणती उसळलीच पाहिजे, याचा निवाडा त्याला करता येत नाही. म्हणून रायडरने लिहिलेला आलेख डोळ्यांसमोर ठेवून संपूर्ण गाणे एकदा गायकाच्या शेजारी बसून ऐकावे, जेथे तो हरकत घेईल तेथे आलेख हाताने बदलावा, आणि त्यानंतरच फाइल अंतिम म्हणून बाहेर द्यावी.